जुनी सॉफ्टवेअर आणि खेळ नव्या संगणकांवर चालवणे

एखादा संगणक आणि त्याची ऑपरेटिंग सिस्टिम वापरातून गेल्यानंतर, त्यांच्यासाठी लिहिलेला प्रोग्राम किंवा खेळ नव्या यंत्रावर चालता करण्याच्या तंत्रांचा विचार या नोंदीत केला आहे. प्रोग्रामच्या फाइलमधील बाइट नीट जपले तर कितीही वर्षे जसेच्या तसे राहतात. बदलत जाते ते त्यांच्या भोवतीचे सारे काही: प्रोसेसर, ऑपरेटिंग सिस्टिम, ध्वनी व चित्र यांची कार्डे, साठवणीची माध्यमे आणि यंत्राचा वेग. जुना प्रोग्राम बंद पडतो तेव्हा त्याने गृहीत धरलेली एखादी गोष्ट नाहीशी झालेली असते. ती कोणती, हे आधी ओळखावे लागते. मग ती कोणत्या पातळीवर आणि किती बारकाईने पुन्हा उभी करायची, यावर पद्धतीची निवड अवलंबून असते.

प्रोग्राम न चालण्याची कारणे

सर्वांत मोठा अडथळा प्रोसेसरच्या रचनेतील बदलाचा आहे. इंटेलचा १६ बिटी (एका वेळी १६ शून्य-एक अंक हाताळणारा) ८०८६ प्रोसेसर १९७८ मध्ये आला आणि त्याच कुळातील ८०८८ आयबीएमने १९८१ च्या आपल्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये वापरला. १९८५ च्या ३२ बिटी ८०३८६ मध्ये इंटेलने ‘आभासी ८०८६’ नावाची एक अवस्था ठेवली होती. तिच्यामुळे नव्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात डॉसचा (विंडोजपूर्वीच्या, आज्ञा टाइप करून चालवायच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा) प्रोग्राम जणू स्वतंत्र ८०८६ वर असल्याप्रमाणे चालत असे. इंटेल प्रोसेसरांवरील ३२ बिटी विंडोज एनटी आणि तिच्या पुढच्या आवृत्त्यांमधील एनटीव्हीडीएम हा घटक याच सोयीवर उभा होता. एएमडीने २००३ मध्ये बाजारात आणलेल्या ६४ बिटी रचनेत मात्र प्रोसेसर ६४ बिटी अवस्थेत गेल्यावर ही सोय उरत नाही. मायक्रोसॉफ्टने ६४ बिटी विंडोजमधून विंडोज ३.१ च्या काळातील १६ बिटी प्रोग्रामांचा आधारही वगळला. परिणामी ६४ बिटी विंडोजवर ३२ बिटी प्रोग्राम चालतात, पण १६ बिटी प्रोग्राम सुरूच होत नाहीत. आणि विंडोज ११ ची ३२ बिटी आवृत्तीच निघालेली नाही.

या बदलाचा एक परिणाम अनेकांना चकवतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील कित्येक खेळ स्वतः ३२ बिटी आहेत, परंतु त्यांचा इन्स्टॉलर १६ बिटी आहे. म्हणजे खेळ चालण्याजोगा असूनही बसवता येत नाही. त्या काळच्या काही प्रचलित इन्स्टॉलरांची ओळख ६४ बिटी विंडोजला असते आणि ती त्यांच्या जागी ३२ बिटी इन्स्टॉलर चालवते. ज्यांची ओळख नसते, त्यांच्या बाबतीत सीडीवरील फाइली हाताने उतरवून घ्याव्या लागतात किंवा जुन्या सिस्टिमवर बसवलेला फोल्डर उचलून आणावा लागतो. खेळ ‘चालत नाही’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी ही शक्यता तपासलीच पाहिजे.

दुसरे कारण हार्डवेअरशी थेट व्यवहाराचे. डॉस प्रोग्रामला फारशा सेवा पुरवत नसे, म्हणून प्रोग्रामकर्ते चित्र उमटवण्यासाठी थेट व्हिडिओ मेमरीत लिहीत आणि आवाजासाठी ध्वनिकार्डाच्या पोर्टशी (कार्ड ज्या पत्त्यावर आज्ञा घेते त्याच्याशी) थेट बोलत. साउंड ब्लास्टर कार्ड पोर्ट २२० वर, इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत) ५ किंवा ७ वर आणि डीएमए (प्रोसेसरशिवाय मेमरीशी थेट देवाणघेवाण) मार्ग १ वर असणार, असे शेकडो खेळांनी धरून चालले होते. आजच्या यंत्रात त्या पत्त्यावर उत्तर द्यायला कोणी नसते.

तिसरे कारण वेगाचे आहे, आणि ते सर्वांत शिकवणारे आहे. आयबीएमच्या पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झ वेगाने चाले. अनेक खेळांनी क्षणभर थांबण्यासाठी घड्याळ न वापरता एक रिकामे आवर्तन ठराविक वेळा फिरवण्याची युक्ती केली. वेगवान यंत्रावर ते आवर्तन निमिषात संपते आणि खेळ हाताबाहेर धावतो. १९८० आणि १९९० च्या दशकांतील अनेक संगणकांवर वेग कमी करण्यासाठी ‘टर्बो’ बटण असे, ते याच कारणाने. काळजीपूर्वक लिहिलेले प्रोग्रामही यातून सुटले नाहीत. टर्बो पास्कल या प्रोग्राम लिहिण्याच्या साधनातील ‘क्रट’ हा भाग प्रोग्राम सुरू होताना यंत्राचा वेग मोजून घेई: घड्याळाच्या सुमारे ५५ मिलिसेकंदांच्या एका ठोक्यात आवर्तन किती वेळा फिरते ते मोजायचे आणि त्या संख्येला ५५ ने भागायचे. हा भागाकार १६ बिटांत, म्हणजे ६५,५३५ पर्यंत, मावला पाहिजे. सुमारे २०० मेगाहर्ट्झचे पेंटियम आल्यावर तो मावेना. प्रोसेसर अशा वेळी भागाकाराची चूक नोंदवतो, आणि प्रोग्राम ‘रनटाइम एरर २००’, म्हणजे शून्याने भागल्याचा दोष, दाखवून पहिल्याच क्षणी बंद पडतो. शून्याने भाग कोठेच दिलेला नसतो. फाइलमधील मोजके बाइट बदलणाऱ्या छोट्या उपयोजनांनी हा दोष दूर करता येतो. विंडोज ९५ च्या नेटवर्क घटकातही याच जातीची चूक आहे, सुमारे २.१ गिगाहर्ट्झपेक्षा वेगवान प्रोसेसरवर ती सिस्टिम सुरू होतानाच अडकते.

चौथे कारण नक्कलरोधक संरक्षणाचे. सेफडिस्कसारख्या प्रणाली सिस्टिमच्या अगदी आतल्या थरात आपला ड्रायव्हर चालवत. तो ड्रायव्हर सुरक्षेच्या दृष्टीने धोकादायक ठरल्यामुळे विंडोज १० मधून वगळला गेला आणि सप्टेंबर २०१५ च्या सुरक्षा अद्ययावतीने विंडोज व्हिस्टा, ७ आणि ८ वरही बंद करण्यात आला. त्यामुळे रीतसर विकत घेतलेली मूळ सीडी हातात असूनही खेळ सुरू होत नाही, अशी स्थिती कित्येक ग्राहकांवर आली.

निर्मात्यांनी सांभाळलेली सुसंगतता

हा प्रश्न घरगुती संगणकांहून जुना आहे. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली, तेव्हा ग्राहकांनी १४०१ सारख्या आधीच्या यंत्रांसाठी लिहून घेतलेले प्रोग्राम वाया जाऊ नयेत म्हणून काही मॉडेलांच्या मायक्रोकोडमध्येच (प्रोसेसरच्या आतील सूक्ष्म आज्ञांमध्येच) जुन्या यंत्राच्या आज्ञा पार पाडण्याची सोय केली. ‘एम्युलेटर’ (एका यंत्रावर दुसऱ्याची नक्कल करणारी सोय) हा शब्द संगणकक्षेत्रात रुळला तो याच काळात. ॲपलने तर प्रोसेसर बदलताना दर वेळी पूल बांधला: १९९४ मध्ये पॉवरपीसीकडे जाताना मोटोरोला ६८००० कुळाचा एम्युलेटर, २००६ मध्ये इंटेलकडे जाताना रोझेटा (जुन्या प्रोसेसरच्या आज्ञांचे नव्यासाठी भाषांतर करणारा थर) आणि २०२० मध्ये स्वतःच्या प्रोसेसरकडे जाताना रोझेटा २. मात्र हे पूल कायमचे नव्हते. पहिला रोझेटा २०११ च्या मॅक ओएस टेन लायनमध्ये नव्हता आणि २०१९ च्या कॅटालिनाने ३२ बिटी प्रोग्राम चालवणेच थांबवले.

मायक्रोसॉफ्टने दीर्घकाळ उलट धोरण ठेवले आणि त्यासाठी पडद्याआड फार कष्ट घेतले. आवृत्ती क्रमांकाची तपासणी चुकीची लिहिलेले १६ बिटी प्रोग्राम अडू नयेत म्हणून विंडोज ९५ त्यांना आपला क्रमांक ३.९५ असा सांगत असे. विंडोज एक्सपीपासून वापरकर्त्यासमोर आलेला ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ हा याच कामाचा दृश्य भाग आहे. त्यात सिस्टिम आणि प्रोग्राम यांच्या मध्ये छोटे दुरुस्तीचे थर घातले जातात, जे प्रोग्रामच्या विशिष्ट विनंत्यांना जुन्या पद्धतीचे उत्तर देतात. ३२ बिटी प्रोग्रामांसाठी पहिला प्रयत्न येथेच करावा. १६ बिटी प्रोग्रामांसाठी ६४ बिटी विंडोजवर त्याचा काही उपयोग नाही.

एम्युलेशन आणि व्हर्च्युअल मशीन

डॉसच्या खेळांसाठी सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग म्हणजे २००२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला डॉसबॉक्स. तो प्रोसेसर, साउंड ब्लास्टर, चित्रकार्ड आणि खुद्द डॉस या सर्वांची प्रतिकृती सॉफ्टवेअरमध्ये उभी करतो. वापरताना आपल्या संगणकावरील एक फोल्डर ‘माउंट’ आज्ञेने सी ड्राइव्ह म्हणून जोडायचा, खेळाच्या सेटअपमध्ये साउंड ब्लास्टर निवडून पोर्ट २२०, इंटरप्ट ७ आणि डीएमए १ असे मूळ मांडणीतील आकडे द्यायचे, एवढ्यावर बहुतेक खेळ चालू लागतात. उरते ती वेगाची जुळणी. ‘सायकल्स’ ही मांडणी एका मिलिसेकंदात साधारण किती आज्ञा पार पाडायच्या ते ठरवते. स्वयंचलित अवस्थेत साध्या रिअल मोडमधील (मूळ ८०८६ सारख्या अवस्थेतील) प्रोग्रामांना ३००० आणि प्रोटेक्टेड मोडमधील (नंतरच्या प्रोसेसरांच्या अधिक सोयींच्या अवस्थेतील) प्रोग्रामांना यंत्राला झेपेल तितकी गती मिळते. खेळ चालू असताना कंट्रोल आणि एफ११ दाबून वेग कमी व कंट्रोल आणि एफ१२ दाबून जास्त करता येतो. आवाज तुटत असेल तर सायकल्स वाढवत राहण्याचा मोह आवरावा, कारण मर्यादेपलीकडे गेल्यावर खुद्द आपल्या संगणकालाच भार पेलत नाही आणि तुटणे उलट वाढते. डॉसबॉक्स स्टेजिंग व डॉसबॉक्स-एक्स या त्याच्या पुढच्या शाखांमध्ये सुधारणांचे काम चालते.

डॉसबॉक्स एखाद्या विशिष्ट प्रोसेसरच्या प्रत्येक आज्ञेचा नेमका कालावधी पाळत नाही. ज्यांना तेवढी निष्ठा हवी असते ते पीसीईएम किंवा ८६बॉक्स वापरतात. त्यांत ठराविक मदरबोर्ड, ठराविक प्रोसेसर आणि ठराविक कार्डे निवडून पूर्ण यंत्र जुळवावे लागते, मूळ रॉमची (यंत्रात कायमच्या बसवलेल्या प्रोग्रामची) प्रत लागते आणि आजच्या प्रोसेसरलाही दम लागतो. विंडोज ९८ वरील त्रिमितीय खेळांसाठी हा मार्ग खात्रीचा आहे. व्हीएमवेअर किंवा व्हर्च्युअलबॉक्स यांसारखी व्हर्च्युअल मशीन (एका संगणकात दुसरा संगणक भासवणारी सॉफ्टवेअर) आज्ञा शक्यतो खऱ्या प्रोसेसरवरच चालवत असल्याने वेगवान असतात आणि जुन्या कार्यालयीन सॉफ्टवेअरसाठी उत्तम ठरतात, पण विंडोज ९८ साठी त्रिमितीय चित्रणाची सोय त्यांच्यासोबत येत नाही.

भाषांतराचे थर आणि पुनर्लेखन

यंत्राची प्रतिकृती न करता प्रोग्रामच्या फक्त विनंत्यांचे भाषांतर करणे, हा अगदी वेगळा विचार आहे. १९९३ मध्ये सुरू झालेला वाइन हा प्रकल्प विंडोजच्या सेवा लिनक्स व तत्सम सिस्टिमांवर नव्याने लिहून देतो, त्याची १.० आवृत्ती यायला २००८ उजाडले, यावरून कामाचा आवाका कळावा. व्हॉल्व्ह या खेळ-कंपनीने २०१८ मध्ये त्यावर आधारित, लिनक्सवर विंडोजचे खेळ चालवणारे प्रोटॉन आणले. वाइन ६४ बिटी लिनक्सवर १६ बिटी विंडोज प्रोग्रामही चालवू शकते, म्हणजे ६४ बिटी विंडोजने सोडून दिलेले काही प्रोग्राम लिनक्सवर जिवंत आहेत. चित्रणाच्या बाबतीत डीजीव्हूडू आणि एनग्लाइड यांचे काम असेच आहे: थ्रीडीएफएक्स ही कंपनी केव्हाच संपली, परंतु तिच्या कार्डांसाठीच्या ग्लाइड या चित्रण-आज्ञासंचावर लिहिलेले खेळ या थरांमुळे आजच्या चित्रकार्डांवर चालतात.

सर्वांत देखणा उपाय म्हणजे खेळाचे इंजिनच नव्याने लिहिणे. २००१ मध्ये सुरू झालेला स्कमव्हीएम हा प्रकल्प मूळ खेळाची चित्रे, संवाद व पटकथा असलेल्या माहितीफायली वाचतो आणि त्या चालवणारे इंजिन मात्र स्वतःचे वापरतो. त्यामुळे १९८७ च्या ‘मॅनियाक मॅन्शन’सारखे खेळ मोबाइल फोनवरही चालतात. मूळ कोड उघड झाला तर हे काम फारच सोपे होते. इड सॉफ्टवेअरने डिसेंबर १९९७ मध्ये ‘डूम’चा कोड प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून बहुधा प्रत्येक नव्या यंत्रावर तो खेळ कोणी ना कोणी उतरवला आहे. इतर कंपन्यांनी याचे अनुकरण फार क्वचित केले, ही मोठीच हानी आहे.

माध्यमे आणि कायदा

फ्लॉपीवरील चुंबकीय नोंद काळाने क्षीण होते, म्हणून चालवण्याच्या खटपटीआधी मूळ डिस्कची प्रतिमा (सर्व माहितीची एका फाइलमधील हुबेहूब प्रत) काढून ठेवणे हे पहिले काम असावे. सीडीच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. १९९० च्या दशकातील अनेक खेळांचे संगीत सीडीवर साध्या ध्वनिपट्ट्यांच्या स्वरूपात असे. आयएसओ स्वरूपातील प्रतिमेत या पट्ट्या येत नाहीत, आणि मग खेळ चालतो पण मुका. अशा डिस्कची प्रतिमा बिन आणि क्यू या जोड-फायलींच्या स्वरूपात घ्यावी.

एम्युलेटर लिहिणे अमेरिकेत बेकायदेशीर ठरलेले नाही. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात २००० मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने, प्लेस्टेशनचा एम्युलेटर लिहिण्यासाठी केलेला मूळ रॉमचा अभ्यास न्याय्य वापरात (स्वामित्वहक्काच्या कायद्यातील अपवादात) बसतो, असा निर्णय दिला. मात्र मूळ रॉमची किंवा खेळाची प्रत वाटणे ही वेगळी गोष्ट आहे. विक्री थांबलेल्या खेळांना ‘अबँडनवेअर’ म्हणण्याची प्रथा असली तरी कायद्यात असा प्रकार नाही, आणि स्वामित्वहक्क विक्री थांबल्याने संपत नाही. २००८ मध्ये सुरू झालेले जीओजी हे दुकान हक्कदारांशी करार करून जुने खेळ विकते, आणि डॉसचे बरेच खेळ ते डॉसबॉक्ससह बांधूनच देते.

यांपैकी कोणताही उपाय लागू पडत नाही तो दूरच्या सर्व्हरवर विसंबलेल्या खेळांना, कारण तेथे प्रोग्रामचा अर्धा भाग ग्राहकाच्या हाती कधी आलेलाच नसतो. अमेरिकेत २०१५ मध्ये, केवळ पडताळणीचा सर्व्हर बंद झाल्यामुळे अडलेले एकट्याने खेळायचे खेळ पुन्हा चालू करण्यासाठी संरक्षण ओलांडण्याची सवलत देण्यात आली. अनेकांनी मिळून ऑनलाइन खेळायच्या खेळांना तिच्यातून वगळले होते.