नव्या कॉम्प्युटरवर जुना फोल्डर उघडत नाही? दुकानात येण्याआधी हे वाचा

गणपती आटोपून मुंबईकर परतले की कुडाळच्या आमच्या दुकानात एकाच तक्रारीचे लॅपटॉप येऊ लागतात. जुन्या मशीनची हार्ड डिस्क केसमध्ये घालून नव्याला जोडलेली असते. फोटो, आंब्याचे हिशेब, होमस्टेची बिलं, सगळ्यांचे फोल्डर दिसतात. क्लिक केलं की मात्र ‘तुम्हाला परमिशन नाही’. मग पहिला प्रश्न, ‘डिस्क गेली काय?’ नाही. हा संदेश येतोय म्हणजे विंडोजला डिस्क वाचता येतेय.

विंडोज तुम्हाला नावाने ओळखत नाही. अकाउंट तयार होताना त्याला एस-१-५-२१ पासून सुरू होणारा लांबलचक नंबर मिळतो आणि फाइलचा मालक म्हणून तोच नोंदला जातो. नव्या मशीनवर नाव तेच, पासवर्ड तोच ठेवला तरी नंबर वेगळा पडतो. आजोबांचं नाव नातवाला ठेवलं म्हणून सातबारा त्याच्या नावावर होत नाही, तसंच हे.

संदेशात ‘कंटिन्यू’ बटण असेल तर आधी तेच दाबा. फोल्डर मोठा असेल तर हिरवी पट्टी बराच वेळ सरकते, ती मध्येच बंद करू नका. तेवढ्याने भागलं नाही तर अ‍ॅडमिन अकाउंटवरून त्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड असं जा. वर ‘ओनर’समोरचं ‘चेंज’ दाबून आपल्या अकाउंटचं नाव टाका, ‘चेक नेम्स’ करा, ‘रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स’ या चौकोनात टिक करून अ‍ॅप्लाय. खिडक्या बंद करून पुन्हा तिथेच या आणि स्वतःला ‘फुल कंट्रोल’ द्या.

आता आमचा खरा वेळ जातो ती चूक. एकेक फोल्डर कशाला, म्हणून लोक थेट सी ड्राइव्हवर, म्हणजे जिथे विंडोज असतं तिथेच, राइट क्लिक करतात आणि मालकी बदलून ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल देऊन मोकळे होतात. बहुतेक वेळा हे घरातल्या एखाद्या हुशार भाच्याने केलेलं असतं, आणि त्या दिवशी चालतंही. पण विंडोजच्या स्वतःच्या फाइलींची मालकी मुद्दाम वेगळ्या खात्याकडे ठेवलेली असते. ती बदलली की अपडेट अडकतात, अ‍ॅप उघडेनाशी होतात, आणि आधी कुणाला काय परवानगी होती याची नोंद सहसा कुणी ठेवलेली नसते. मग विंडोज नव्याने टाकणं, प्रिंटर, टॅली, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, सगळं पहिल्यापासून. तासाभराच्या कामाचे दोन दिवस होतात आणि बिलही तसंच होतं. आपल्या डेटाचा फोल्डर सोडून कशालाही हात लावू नका.

नव्या मशीनवरचा ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ फोल्डर उघडत नाही, ही तक्रार घेऊन तर येऊच नका. तो खरा फोल्डर नाही, जुन्या प्रोग्रामना ‘यूजर्स’कडे वळवणारी नुसती पाटी आहे. उघडत नाही हेच बरोबर.

फाइलच्या चित्रावर छोटं कुलूप दिसत असेल तर गोष्ट वेगळी. ती फाइल एन्क्रिप्ट, म्हणजे सांकेतिक रूपात बंद केलेली आहे. मालकी बदलून ती उघडणार नाही, जुन्या विंडोजमधलं सर्टिफिकेट लागतं. आणि डिस्क जोडताच बिटलॉकरची, म्हणजे सगळ्या डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, की मागितली तर तो ४८ आकडी नंबर बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर मिळेल. तो आमच्याकडे नसतो आणि आम्ही बनवूही शकत नाही.

म्हणूनच सांगतो, जुनं मशीन चालू असतानाच दोन्ही घेऊन या. एक्सफॅट फॉरमॅटच्या (डिस्कवर फाइली मांडण्याची एक पद्धत) डिस्कवर कॉपी करून नेलं तर परमिशन फाइलींबरोबर जातच नाहीत, हा घोळ होतच नाही. घरी करणार असाल तर फॅट३२ पेनड्राइव्ह नको, ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर बसत नाही आणि लग्नाचे व्हिडिओ तिथेच अडकतात.

‘फोनवरच सांगा ना’ म्हणणारे बरेच असतात. आम्ही सांगत नाही, कारण तुम्ही राइट क्लिक नेमकं कशावर केलंय ते फोनवर दिसत नाही. डिस्क आली की आधी तिची पूर्ण कॉपी घेतो, मगच परमिशनला हात लावतो, त्यात एक दिवस जातो. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देऊ नका, काउंटरवर येऊन स्वतः टाका. पैसे कामाच्या वेळेप्रमाणे घेतो, जीबीप्रमाणे नाही. आणि नव्या मशीनवर सगळं उघडून, एखादी फाइल बदलून सेव्ह करून बघेपर्यंत जुनी डिस्क कुणालाही फॉरमॅट करायला देऊ नका, आम्हालाही नाही.