बंद पडलेले रिॲलिटी शो परत का येतात?

ब्रिटनमधला ‘बिग ब्रदर’, म्हणजे तिथला ‘बिग बॉस’, आतापर्यंत दोनदा कायमचा बंद झालाय. चॅनल फोरने तो २००० साली आणला, दहा वर्षं चालवला आणि २०१० मध्ये गाशा गुंडाळला. पुढच्याच वर्षी चॅनल फाइव्हने तो उचलला. २०१८ मध्ये त्यांनीही हात झटकले. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आयटीव्हीने त्याला तिसऱ्यांदा उभं केलं.

एखाद्या कथामालिकेला हे जमणं अवघड. तिचा जीव लेखकाच्या हातात आणि नटांच्या चेहऱ्यांत असतो. ती मंडळी पांगली की मागे उरतात ते जुने भाग. रिॲलिटी शोमध्ये माणसं मुळातच बदलायची असतात. पक्कं असतं ते त्यांच्याभोवतीचं कुंपण: किती जण, किती दिवस, कोण कोणाला बाहेर काढणार, कॅमेरे कुठे. या कुंपणाला धंद्यात ‘फॉरमॅट’ म्हणतात, आणि मोठा पैसा त्याच्याच खरेदी-विक्रीत आहे. बंद पडलेला शो म्हणजे बहुतेक वेळा कपाटात ठेवलेला फॉरमॅट. गिऱ्हाईक आलं की कपाट उघडायचं.

सुरुवातीला मात्र फॉरमॅट वगैरे काही नव्हतं. होती एक खोडी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैन्यात असलेला ॲलन फंट सैनिकांच्या तक्रारी ध्वनिमुद्रित करत असे. मुद्रण सुरू झाल्याचा लाल दिवा दिसला की एरवी तावातावाने बोलणारी पोरं कागद वाचल्यासारखी बोलू लागत. फंटने मग लपूनछपून मुद्रण करायला सुरुवात केली. युद्धानंतर, १९४७ मध्ये, त्यातून ‘कॅन्डिड मायक्रोफोन’ हा रेडिओ कार्यक्रम निघाला आणि १९४८ मध्ये टीव्हीवर ‘कॅन्डिड कॅमेरा’. हा कार्यक्रमही पुढच्या काही दशकांत वाहिन्या बदलत अनेकदा थांबला आणि पुन्हा सुरू झाला. तेव्हा परत येण्याची सवय या प्रकाराला जन्मापासूनचीच आहे.

फंटच्या खोडीत एक अडचण होती. माणूस सापळ्यात सापडून गोंधळला, मग हसला, की संपलं. पुढे काय? या ‘पुढे काय’चं उत्तर सापडायला वीसेक वर्षं गेली. १९७१ मध्ये क्रेग गिल्बर्ट या निर्मात्याने कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे लाउड कुटुंबाच्या घरात कॅमेरा नेला. ॲलन आणि सुझन रेमंड हे दाम्पत्य चित्रण आणि ध्वनीची बाजू सांभाळत होतं. सुमारे सात महिने ते या घराच्या मागे होते, जवळपास ३०० तासांचं चित्रण झालं. त्यातून १२ भागांची ‘ॲन अमेरिकन फॅमिली’ १९७३ मध्ये पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर आली. आईवडील, पाच मुलं, पोहण्याचा तलाव असलेलं घर. चित्रणादरम्यान पॅट लाउडने कॅमेऱ्यासमोर नवऱ्याकडे घटस्फोट मागितला. मोठा मुलगा लान्स आपली समलैंगिकता न लपवता न्यूयॉर्कमध्ये राहत होता, आणि त्या काळच्या अमेरिकन टीव्हीवर असं कोणी दिसत नव्हतं.

प्रेक्षक आणि समीक्षक तुटून पडले, पण कार्यक्रमावर कमी आणि कुटुंबावर जास्त. लाउड मंडळींचं म्हणणं असं की ३०० तासांतलं नेमकं वाईट तेवढं निवडलं. हे गाऱ्हाणं त्यानंतर बहुतेक प्रत्येक रिॲलिटी शोच्या स्पर्धकाने गायलंय, आणि त्यात दरवेळी थोडं तथ्य असतंच. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांनी मात्र या मालिकेची तुलना नाटक आणि कादंबरी यांच्या जन्माशी केली होती. तेव्हा ती अतिशयोक्ती वाटली असेल.

पुढच्याच वर्षी बीबीसीने रेडिंगमधल्या एका कुटुंबावर ‘द फॅमिली’ केली. पण हा प्रकार फोफावला नाही, कारण साधं आहे: तो महाग आणि बेभरवशाचा होता. सात महिने फिल्म जाळायची आणि घरात काही घडलंच नाही तर? लाउड कुटुंबाकडे रेमंड दाम्पत्य पुढेही गेलं, १९८३ मध्ये एकदा आणि लान्सच्या मृत्यूनंतर, २००३ मध्ये, पुन्हा. पण ते परतणं माणसांकडे होतं. साचा म्हणून ती मालिका कोणी वापरली नाही, कारण तिला साचाच नव्हता.

साचा आला तो पैशाच्या कडकीतून. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या पटकथालेखकांनी संप केला आणि तो पाच महिने चालला. वाहिन्यांना दाखवायला काही नवं उरेना. पोलिसांच्या गाडीत कॅमेरा घेऊन फिरायची जॉन लँगली यांची कल्पना तोवर कोणी घेत नव्हतं. नट नाही, पटकथा नाही, निवेदकसुद्धा नाही! संपाच्या काळात हेच गुण ठरले. फॉक्सवर मार्च १९८९ मध्ये ‘कॉप्स’ सुरू झाला. (तोही २०२० मध्ये, पोलिसी अत्याचाराविरुद्ध अमेरिका रस्त्यावर उतरली असताना, बंद केला गेला. पुढच्याच वर्षी फॉक्स नेशन या ऑनलाइन सेवेवर परतला.)

एमटीव्हीची गोष्ट याच्याच शेजारची. त्यांना तरुणांसाठी दैनंदिन मालिकेसारखं काहीतरी हवं होतं, पण लेखक-नटांचा खर्च झेपत नव्हता. मेरी-एलिस ब्युनिम या मालिकांच्या क्षेत्रातून आलेल्या, जोनाथन मरे बातम्या आणि माहितीपटांकडून. दोघांनी सुचवलं की लिहायचं कशाला, सात अनोळखी तरुणांना एका घरात ठेवू या. २१ मे १९९२ रोजी ‘द रिअल वर्ल्ड’ सुरू झाला. नेदरलँड्समध्ये त्याच्या वर्षभर आधी, १९९१ मध्ये, ‘नुमर २८’ हा विद्यार्थ्यांच्या घरावरचा कार्यक्रम येऊन गेला होता. कोणी कोणाचं घेतलं यावर अजून वाद घालणारे आहेत. माझ्या मते महत्त्वाचं आहे ते ब्युनिम यांचं मालिकेकडून येणं. वेगवेगळ्या वळणाची माणसं मुद्दाम निवडायची, म्हणजे ठिणगी पडेलच. आणि चित्रण झाल्यावर कथानकं शोधून ती धाग्यांसारखी विणायची. दुसऱ्या पर्वात एक छोटी खोली आली, जिथे प्रत्येकाने एकट्याने कॅमेऱ्याशी बोलायचं. ही कबुलीची खोली आज जगभर प्रत्येक शोमध्ये आहे. तिचं खरं काम संकलकाला कळतं. घरात दहा मिनिटं चाललेली कुजबुज स्पर्धक तिथे एका वाक्यात सांगून मोकळा होतो.

लिहिलेलं काही नसतं, पण लेखन चालूच असतं, फक्त उलट्या क्रमाने. कोणी कधी काय केलं याची मिनिटामिनिटाची नोंद लॉगर ठेवतात, स्टोरी प्रोड्यूसर त्या नोंदींतून आजची गोष्ट काढतात, संकलक ती जुळवतात. बऱ्याच शोमध्ये मुलाखतीला तेच ते कपडे घालायला सांगतात, म्हणजे सोमवारचं वाक्य गुरुवारच्या प्रसंगावर बसतं. दोन वाक्यांचे तुकडे सांधून तिसरंच वाक्य तयार केलं की त्याला ‘फ्रँकनबाइट’ म्हणतात, म्हणजे फ्रँकनस्टाइनच्या राक्षसासारखा तुकडे जोडून केलेला ‘बाइट’. नाव त्या क्षेत्रातल्याच लोकांनी दिलंय, म्हणजे आपण काय करतोय याची जाण त्यांना पुरेपूर आहे.

घर आणि कबुली मिळाली होती. स्पर्धा आणि हकालपट्टी आणली ती युरोपने. चार्ली पार्सन्स या ब्रिटिश निर्मात्याकडे निर्जन बेटावर माणसं सोडायची कल्पना होती. ती पहिल्यांदा प्रत्यक्षात आली स्वीडनमध्ये, ‘एक्स्पेडिशन रॉबिन्सन’ या नावाने, १९९७ मध्ये. प्रक्षेपणाआधीच, बेटावरून सर्वात आधी बाहेर काढल्या गेलेल्या स्पर्धकाने आत्महत्या केली. कार्यक्रम तरीही दाखवला गेला. या प्रकाराच्या इतिहासात स्पर्धकाच्या मनाचा प्रश्न नंतर कधीतरी उपटला असं म्हणतात, ते खरं नाही. तो पहिल्या दिवसापासून दारात उभा होता.

दोन वर्षांनी, १६ सप्टेंबर १९९९ रोजी, नेदरलँड्सच्या वेरोनिका वाहिनीवर जॉन दे मोल यांच्या एंडेमॉल कंपनीचा ‘बिग ब्रदर’ आला. अमेरिकेत वाळवंटातल्या काचेच्या बंदिस्त जगात, बायोस्फियर टूमध्ये, शास्त्रज्ञांना कोंडून केलेला प्रयोग त्यांच्या डोळ्यांसमोर होता. आधी ठरवलेलं नाव होतं ‘सोन्याचा पिंजरा’. अल्मेरे गावात घर, २४ कॅमेरे, १०० हून जास्त दिवस, आणि बाहेर कोण जाणार हे प्रेक्षकांच्या फोनवर. २००० साली स्पेनच्या टेलेफोनिका कंपनीने साडेपाच अब्ज युरोंना एंडेमॉल विकत घेतली. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत सीबीएसवर पार्सन्स यांच्याच बेटाचा अवतार, ‘सर्व्हायव्हर’, गाजत होता. त्याचा ऑगस्टमधला शेवटचा भाग पाच कोटींहून अधिक लोकांनी पाहिला.

एवढा पैसा दिसल्यावर भांडण कोर्टात जाणारच होतं. फॉरमॅट ही कोणाची मालमत्ता असू शकते का? १९८९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या न्यूझीलंडच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, नाही म्हटलं होतं. ह्यूई ग्रीन या सादरकर्त्याचा गुणदर्शनाचा कार्यक्रम न्यूझीलंडच्या प्रसारण संस्थेने तेच नाव, त्याच ठरलेल्या ओळी आणि टाळ्या मोजायचं तेच यंत्र वापरून केला होता. तरी स्वामित्वहक्क सिद्ध झाला नाही. पार्सन्स यांच्या कंपनीने मग नेदरलँड्समध्ये ‘बिग ब्रदर’वर दावा लावला. तिथलं सर्वोच्च न्यायालय २००४ मध्ये ज्या निष्कर्षावर आलं, तो मला फार मार्मिक वाटतो: बेटाच्या फॉरमॅटमधल्या अनेक घटकांच्या विशिष्ट जुळणीला संरक्षण मिळू शकतं, पण घराने बेटाची नक्कल केलेली नाही. थोडक्यात, साचा जितका बारकाईने लिहाल तितका तो तुमचा.

म्हणून आज फॉरमॅटबरोबर एक जाडजूड पोथी विकली जाते. तिला ‘बायबल’च म्हणतात. सेटचा आराखडा, कॅमेऱ्यांच्या जागा, संगीत, आठवड्याचं वेळापत्रक, पहिल्या देशात काय फसलं, असं सगळं त्यात. सोबत मूळ कंपनीचा माणूस येऊन घडी बसवून देतो. हिंदीत २००६ मध्ये आणि मराठीत २०१८ मध्ये ‘बिग बॉस’ आला तो याच वाटेने.

आता पुनरुज्जीवनाकडे वळलं की त्याची गणितं आपोआप दिसतात. पोथी तयार आहे, नाव लोकांना पाठ आहे, नव्या शोच्या ओळखीसाठी करावा लागणारा खर्च वाचतो. नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकन लेखकांनी पुन्हा संप केला, तर जानेवारी २००८ मध्ये एनबीसीने वेळापत्रकातून काढलेला ‘द अप्रेंटिस’ सेलिब्रिटी घालून परत आणला आणि त्याच आठवड्यात ‘अमेरिकन ग्लॅडिएटर्स’ या जुन्या शोलाही पुन्हा पडद्यावर आणलं. ‘अमेरिकन आयडॉल’ला फॉक्सने एप्रिल २०१६ मध्ये वाजतगाजत निरोप दिला, मार्च २०१८ मध्ये तो एबीसीवर हजर. दोन वर्षंसुद्धा गेली नव्हती.

नुसतं परत आणणं आणि नव्याने घडवणं यात मात्र फरक आहे. जोड्या जुळवायचा ‘लव्ह आयलंड’ हे त्याचं चांगलं उदाहरण. आयटीव्हीने २००५ मध्ये तो सेलिब्रिटींना घेऊन केला, दोन पर्वांत गुंडाळला. २०१५ मध्ये त्यांनी तोच सांगाडा काढला आणि त्यात अनोळखी तरुण घातले. मूळ शो कोणाला आठवणारही नाही इतका हा दुसरा चालला. पण याच शोमधून बाहेर पडलेल्या दोघांनी २०१८ आणि २०१९ मध्ये आत्महत्या केल्यावर ब्रिटनमध्ये चौकशा झाल्या आणि २०२१ मध्ये ऑफकॉम या नियामक संस्थेने सहभागी व्यक्तींच्या काळजीचे नियम लागू केले. आयटीव्हीच्या ‘बिग ब्रदर’ला हे नियम पाळतच उतरावं लागलं.

एक गोष्ट पोथीत लिहिता येत नाही: पहिल्या पर्वातल्या माणसांचं अजाणपण. २००० च्या ‘सर्व्हायव्हर’मध्ये रिचर्ड हॅचने चौघांचा गट बांधून ठरवून मतं टाकली, तेव्हा काही सहस्पर्धकांना ती लबाडी वाटली होती. पुढच्या पर्वापासून गट बांधणं हाच खेळ झाला, आणि मग निर्मात्यांना लपवलेल्या मूर्ती (सापडली की स्पर्धक हकालपट्टीतून वाचतो), अचानक बदललेले नियम अशी नवी कुलुपं शोधत बसावं लागलं. आज घरात शिरणारा स्पर्धक कॅमेऱ्याला विसरत नाही. फंटचा लाल दिवा पुन्हा लागलाय, एवढंच.

मार्च २०२१ मध्ये पॅरामाउंट प्लस या ऑनलाइन सेवेने ‘द रिअल वर्ल्ड’ परत आणला तेव्हा साचा नवा केला नाही, माणसंही बदलली नाहीत. १९९२ चे तेच सात जण, न्यूयॉर्कच्या सोहोमधलं तेच घर, सगळे आता पन्नाशीच्या आसपास. वंशभेदावरून तेव्हा झालेला वाद तिथेच पुन्हा पेटला आणि एक जण मध्येच घर सोडून गेली. सातांपैकी एकाला कोविड झाल्याचं आत शिरायच्या वेळीच कळलं. तो जवळच्या हॉटेलमध्ये राहिला. घरात त्याच्यासाठी एक पडदा लावला, आणि बाकीचे सोफ्यावर बसून त्याला टीव्हीवर बघत होते.