कानटोपीवरील मशीन एम्ब्रॉयडरी (मराठवाडा)

शाळा, कंपनी किंवा मंडळाचे बोधचिन्ह विणीच्या टोपीवर संगणकचलित यंत्राने भरण्याचे काम. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर यांसारख्या शहरांत ते गणवेशांच्या ऑर्डरीला जोडूनच चालते. मराठवाडा उन्हासाठी प्रसिद्ध असला, तरी डिसेंबर-जानेवारीत परभणीचा किमान पारा एक आकडी होतो. पहाटे हरभऱ्याला पाणी द्यायला निघालेला शेतकरी, ऊसतोड मजूर, वाळूज किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळी करून परतणारा कामगार, सगळ्यांच्या डोक्यावर तेव्हा कानटोपी दिसते. देशात अशा टोप्यांचे मोठे उत्पादन लुधियानात होते. लोकरीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा टोप्या प्रत्यक्षात अ‍ॅक्रिलिकच्या असतात.

पैठणी आणि हिमरू या इथल्या नामांकित वस्त्रांची नक्षी मागावरच उमटते. तांड्यांवरचे बंजारा भरतकाम हाताचे. त्या परंपरेशी या यंत्रकामाचा संबंध जोडणे ओढूनताणूनच होईल.

कामाची सुरुवात ‘पंचिंग’ने होते. बोधचिन्हाचे चित्र टाक्यांच्या आज्ञांत बदलून यंत्राला दिले जाते. टाजिमा या जपानी कंपनीच्या नावाचा डीएसटी हा फाइलप्रकार त्यासाठी सर्रास चालतो. शर्टाच्या खिशासाठी केलेले पंचिंग टोपीवर जसेच्या तसे चालवले, की काम फसते. वीण ताणते, धागा ताणत नाही. प्रत्येक टाका विणीला थोडा आत ओढतो, त्यामुळे गोल चिन्ह अंडाकृती होते. म्हणून पंचिंग करणारा आकार ओढीच्या दिशेने किंचित वाढवून ठेवतो आणि वरच्या भरीव टाक्यांखाली विरळ टाक्यांचा पाया घालतो.

टोपीखाली न ताणणारे अस्तर लावतात आणि काम झाल्यावर ते फाडण्याऐवजी चिन्हाभोवती कापतात. वरून पाण्यात विरघळणारी पारदर्शक फिल्म पसरतात. ती नसेल तर टाके विणीच्या खाचांत बुडतात. सुई बोथट, गोलसर टोकाची हवी, कारण टोकदार सुईने विणीचा धागा तुटला की तिथून घर सुटत जाते. यंत्राचा वेगही कमी, मिनिटाला सुमारे ६०० टाक्यांपर्यंत ठेवतात. फ्रेममध्ये टोपी ताणून बसवण्याचा मोह नवख्याला हमखास होतो. फ्रेममध्ये काम सुबक दिसते, फ्रेम काढली की चिन्हाभोवती सुरकुत्या पडतात. त्यासाठी अस्तर घट्ट बसवून टोपी त्यावर नुसती चिकटवणे हाच शहाणपणाचा मार्ग. टोपीची मागची बाजू सुईखाली आली तर पुढचे-मागचे थर एकत्र शिवले जातात, आणि मग ती टोपी कुणाच्याच डोक्यात जात नाही.

काठ वर दुमडून घालायच्या टोपीत आणखी एक पेच असतो. दुमडल्यावर दर्शनी येतो तो भाग मुळात आतल्या बाजूचा. त्यामुळे टोपी उलटी करून, अक्षरांचे माथे तिच्या तोंडाकडे ठेवून भरावे लागते. यंत्रावर सगळेच चुकलेले दिसते, दुमडल्यावर ते सरळ होते. शिवाय अस्तराची खरखरीत बाजू दुमडीत दडते, कपाळाला टोचत नाही.

खरी परीक्षा देवनागरीची. शिरोरेषा हा लांब सरळ टाका. उभ्या धारींच्या विणीवर तो लगेच नागमोडी होतो. अक्षर लहान केले की ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसू लागतात, वेलांटीची पोकळी बुजते, अनुस्वार गाठीसारखा उठतो. इथल्या शिक्षणसंस्थांची नावे तर ‘शिक्षण प्रसारक मंडळ’ अशी लांबलचक, आणि गोल मुद्रेत वर नाव, खाली ब्रीदवाक्य, मध्ये ज्योत किंवा पुस्तक. चार बोटांच्या दुमडीवर हे सगळे मावणे अशक्यच. अनुभवी कारागीर ब्रीदवाक्य गाळून केवळ चिन्ह आणि आद्याक्षरे सुचवतो. गिऱ्हाईक बहुधा कुरकुर करते, पण नमुना भरून दाखवल्यावर मानते.

मजुरी सहसा टाक्यांच्या संख्येवर ठरते आणि पंचिंगचे पैसे एकदाच, वेगळे घेतले जातात. त्यामुळे दहा-वीस टोप्यांची ऑर्डर महाग पडते. संस्था पूर्ण मुद्रेवरच अडून बसली, तर ती सपाट जाड कापडावर भरून बिल्ला कापतात आणि तो टोपीवर शिवतात. अक्षरे नीट वाचता येतात, पण टोपी तेवढ्या जागी ताणत नाही.