इंटरनॅशनल हॉटेल, सॅन फ्रान्सिस्को

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात कर्नी आणि जॅक्सन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर पूर्वी असलेले निवासी हॉटेल. ‘आय-हॉटेल’ या नावाने ते अधिक ओळखले जाते. निवासी हॉटेलात प्रवासी उतरत नाहीत. एका माणसापुरती खोली, सामायिक स्नानगृह आणि परवडणारे भाडे एवढ्यावर वर्षानुवर्षे राहणाऱ्यांचे ते घरच असते. १९०६ च्या भूकंपानंतर ही इमारत १९०७ मध्ये नव्याने बांधण्यात आली.

येथील रहिवासी मुख्यतः वृद्ध फिलिपिनो व चिनी पुरुष होते. फिलिपिनो रहिवाशांपैकी अनेकजण १९२० व १९३० च्या दशकांत शेतमजुरी, मासळी डबाबंद करण्याचे कारखाने आणि जहाजांवरील कामासाठी आले होते. त्यांच्यापैकी पुष्कळांचे अविवाहित राहणे योगायोगाचे नव्हते. त्यांच्याबरोबर स्त्रिया फारशा आल्या नव्हत्या, कॅलिफोर्नियातील कायद्याने १९४८ पर्यंत त्यांना गोऱ्या स्त्रीशी विवाह करण्यास मनाई होती, आणि १९३४ च्या कायद्याने फिलिपिन्समधून येणाऱ्यांची संख्या वर्षाला ५० वर आणून ठेवली होती. कुटुंब नसलेल्या या माणसांना हॉटेलाभोवतीची ‘मनिलाटाउन’ ही वस्तीच आधार होती. केशकर्तनालये, खाणावळी आणि बिलियर्डचे अड्डे हीच त्यांची बैठकीची ठिकाणे.

शेजारचा वित्तीय व्यवसायांचा भाग पसरू लागला तशी ही वस्ती आक्रसत गेली. १९६८ मध्ये मिल्टन मेयर अँड कंपनी या मालक संस्थेने तेथे वाहनतळ उभारण्याच्या हेतूने खोल्या रिकाम्या करण्यास सांगितले. मार्च १९६९ मध्ये लागलेल्या आगीत तीन रहिवासी मरण पावले. त्यानंतर रहिवाशांच्या बाजूने भाडेकरार झाला आणि विद्यार्थ्यांनी व स्वयंसेवकांनी इमारतीची डागडुजी केली. इमारत जीर्ण होती, हे नाकारता येत नाही. तथापि जीर्णतेवर दुरुस्ती हाही उपाय असतो, आणि तो स्वयंसेवकांनी अंशतः करून दाखवला होता, ही बाब या वादात सहसा मागे पडते.

१९७३ मध्ये हॉटेल फोर सीज इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशनने विकत घेतले आणि निष्कासनाची कारवाई पुन्हा सुरू झाली. शहर प्रशासनाने सक्तीच्या संपादनाचा मार्ग अवलंबून इमारत रहिवाशांकडे सोपविण्याची योजना आखली, पण ती न्यायालयात टिकली नाही. निष्कासनाचा आदेश अमलात आणण्यास नकार दिल्याबद्दल शेरीफ (न्यायालयाचे आदेश अमलात आणणारे अधिकारी) रिचर्ड होंगिस्टो यांना न्यायालयाच्या अवमानापोटी पाच दिवस तुरुंगात राहावे लागले. पुढे ४ ऑगस्ट १९७७ च्या पहाटे त्यांच्याच नेतृत्वाखाली, शेकडो पोलिसांच्या बंदोबस्तात आणि इमारतीभोवती हात गुंफून उभ्या असलेल्या हजारो समर्थकांचे कडे फोडून, उरलेल्या सुमारे ५० रहिवाशांना बाहेर काढण्यात आले.

१९७९ मध्ये इमारत पाडण्यात आली. ज्या विकासाची एवढी निकड सांगितली जात होती, तो मात्र झाला नाही आणि ही जागा दोन दशकांहून अधिक काळ खड्डा म्हणून पडून राहिली. या संघर्षाच्या पार्श्वभूमीवर शहराने निवासी हॉटेलांचे रूपांतर व पाडकाम यांवर निर्बंध आणले. त्यासंबंधीचा अध्यादेश १९८१ मध्ये संमत झाला. अखेर २००५ मध्ये त्याच जागी अल्प उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांसाठी १०४ सदनिकांची नवी इमारत उघडली. १९७७ च्या रहिवाशांपैकी बहुतेकजण तोवर हयात नव्हते, आणि मनिलाटाउन हे नाव तळमजल्यावरील सांस्कृतिक केंद्राला देण्यात आले.