गोळी निघून गेल्यावरचा धक्का

रायफल झाडतानाचं अतिवेगवान कॅमेऱ्यातलं चित्रण एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. नळीच्या तोंडातून सगळ्यात आधी गोळी बाहेर येतच नाही. आधी येते ती हवा, नळीत अगोदरपासून असलेली आणि गोळीने पुढे रेटत आणलेली. तिच्या मागोमाग गोळीच्या कडेने निसटलेला थोडा धूर. मग गोळी. आणि गोळीचं बूड नळीच्या काठावरून सुटलं रे सुटलं की मागे कोंडलेला वायू असा उसळतो, की क्षणभर गोळीलाच मागे टाकून तिच्याभोवती फुगत जातो.

आता त्याच फ्रेममध्ये रायफलकडे बघा. ती जवळपास जागची हललेलीच नसते. साधारण ५५ सेंटिमीटरची नळी आणि ४ किलो वजनाची रायफल धरली, तर गोळी तोंडाशी पोहोचेपर्यंत रायफल जेमतेम दीड मिलिमीटर मागे सरकलेली असते. गोळीचा नळीतला सगळा प्रवास एका मिलिसेकंदाच्या आसपास आटोपतो. खांद्याला धक्का कळतो, डोळ्यांसमोर नळी उचलली जाते, ते सगळं गोळी निघून गेल्यावर. नळीच्या टोकाला आटे पाडून बसवलेला तो बोटभर लांबीचा, खाचा-भोकं असलेला धातूचा तुकडा (मझल ब्रेक किंवा त्याच्या जातीतला दुसरा कुठला) नेमका काय करतो, हे समजून घ्यायचं तर हा क्रम आधी डोक्यात पक्का हवा. गोळीला त्याचा स्पर्शही होत नाही. त्याचा सगळा व्यवहार असतो तो गोळीमागून येणाऱ्या वायूशी.

धक्क्याचा हिशोब आपण शाळेत शिकलो तोच आहे. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. पुढे जितका संवेग गेला तितकाच मागे यायला हवा. ७.६२ मिलिमीटरच्या नाटो काडतुसाचं उदाहरण घेऊ. गोळी साधारण ९.५ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ८४० मीटर. वजन किलोत धरून गुणाकार केला की जवळजवळ ८ एकक संवेग येतो. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि चूक होते ती इथेच. काडतुसात सुमारे ३ ग्रॅम दारूही असते. ती जळून तिचा वायू होतो, पण वस्तुमान कुठे जात नाही. ते ३ ग्रॅमही नळीतून पुढेच फेकले जातात आणि तेही गोळीपेक्षा जास्त वेगाने. रायफलच्या वायूसाठी हा सरासरी वेग सेकंदाला १२०० ते १४०० मीटर धरण्याचा प्रघात आहे. आपण १२५० धरू. म्हणजे वायूचा संवेग झाला पावणेचार एकक.

एकूण बेरीज पावणेबारा. त्यातला जवळजवळ एक तृतीयांश वाटा वायूचा! रायफलच्या तोंडाशी क्षणभर एक छोटं रॉकेट पेटतं म्हटलं तरी चालेल. गोळी सुटते त्या वेळी नळीत वातावरणाच्या शेकडो पट दाब शिल्लक असतो, आणि तो दाब तोंडातून मोकळा होताना रायफलीला मागे ढकलतो.

गोळीच्या वाट्याचे ८ एकक आपल्याला सोडवता येत नाहीत. गोळी त्या वेगाने जायला हवी असेल तर तेवढा धक्का सोसावाच लागतो. पण वायू पुढेच गेला पाहिजे, अशी काही सक्ती नाही.

पाण्याची नळी हातात घ्या आणि तोटी पूर्ण सोडा. नळी मागे रेटा देते. आता तिच्या टोकाला इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा जोड बसवा, म्हणजे अर्धं पाणी डावीकडे आणि अर्धं उजवीकडे जाईल. मागचा रेटा नाहीसा होतो. दोन्ही बाजूंचे रेटे एकमेकांना मारतात आणि नळी शांत राहते. त्याच जोडाच्या दोन्ही भुजा थोड्या मागे वळवल्या, तर नळी चक्क पुढे ओढ घ्यायला लागेल. मझल ब्रेक म्हणजे हाच जोड. फरक एवढाच की मधोमध गोळीला जायला सरळ भोक ठेवलेलं असतं. वायू त्या भोकातून सगळा जाऊ शकत नाही. तो आडव्या भिंतींवर आदळतो, त्यांना पुढे ढकलतो आणि बाजूच्या खिडक्यांतून बाहेर पडतो. भिंती रायफलीलाच जोडलेल्या आहेत, त्यामुळे तो रेटा रायफलीला पुढे ओढतो.

समजा, आपला ब्रेक इतका चांगला आहे की सगळा वायू बरोबर काटकोनात बाजूला गेला. पुढे जाणारा संवेग राहिला फक्त गोळीचा, ८ एकक. ४ किलोची रायफल ब्रेकशिवाय सेकंदाला २.९ मीटर वेगाने मागे आली असती, ती आता २ मीटरने येते. वेग कमी झाला एक तृतीयांशाच्या आतबाहेर. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे ती १७ ज्यूलवरून ८ ज्यूलवर येते, म्हणजे निम्म्याहूनही खाली. जाहिरातींत धक्का निम्मा केल्याचे दावे असतात ना, ते वाचताना आधी विचारायचं की मोजमाप कशाचं आहे, संवेगाचं की ऊर्जेचं. दोन्ही आकडे खरे असू शकतात, पण खांद्याला त्यांचा अर्थ वेगवेगळा लागतो. प्रत्यक्षात थोडा वायू गोळीमागून सरळ निसटतोच. म्हणून ज्यांना जास्त परिणाम हवा ते खिडक्या मागच्या बाजूला तिरक्या करतात. तसं केलं की वायू नुसता बाजूला न जाता थोडा मागेही फेकला जातो, आणि गोळीच्या वाट्याच्या धक्क्यातलाही काही भाग फेडला जातो.

दस्त्याच्या टोकाला लावतात तो रबरी गादीचा तुकडा या सगळ्यापेक्षा वेगळा. तो संवेग कमी करत नाही. तोच धक्का थोड्या जास्त वेळात आणि थोड्या जास्त जागेवर पसरवतो. ब्रेक मात्र मुळातला हिशोबच बदलतो. म्हणूनच ही युक्ती मला फार देखणी वाटते. त्यात एकही हलता भाग नाही, तरीही न्यूटनच्या नियमातली एक फट शोधून ती नेमकी वापरलेली आहे.

ब्रेक किती कामाचा, हे दारू आणि गोळी यांच्या वजनाच्या गुणोत्तरावर ठरतं. .२२च्या छोट्या काडतुसात गोळी असते सुमारे २.६ ग्रॅमची आणि दारू ग्रॅमचा दहावा भागसुद्धा नाही. तिथे वळवायला वायूच नाही. १२.७ मिलिमीटरच्या जड रायफलीत गोळी ४२ ग्रॅमच्या आसपास आणि दारू साधारण १५ ग्रॅम. बॅरेट कंपनीच्या या जातीच्या रायफलीच्या टोकाला बाणाच्या फाळासारखा तो मोठा ब्रेक दिसतो, तो शोभेचा नाही. त्याच्याशिवाय ती खांद्यावरून झाडणं म्हणजे शिक्षाच ठरली असती. तोफांसाठी तर ही कल्पना एकोणिसाव्या शतकात फ्रेंच तोफखान्यातल्या त्रुय द बोल्यो याने आजमावली होती.

आता नळी वर का उचलते ते पाहू. धक्का नळीच्या अक्षावर लागतो, पण रायफल अडते ती खांद्याला टेकलेल्या दस्त्यापाशी, आणि ती जागा बहुतेक जुन्या रायफलींत अक्षाच्या काही सेंटिमीटर खाली असते. रेटा वर, आधार खाली, म्हणजे रायफल फिरणारच. यावरचा सगळ्यात सरळ उपाय म्हणजे दस्ता नळीच्या रेषेतच आणणं. अमेरिकन लष्कराच्या एम-१६ रायफलीचा दस्ता इतका सरळ आणि नेम धरायची दर्शकं इतकी उंचावर का, याचं उत्तर हेच.

दुसरा उपाय पुन्हा वायूचाच. अक्ष आधारापेक्षा ५ सेंटिमीटर वर आहे आणि नळीचं तोंड खांद्यापासून ८० सेंटिमीटर पुढे आहे असं धरू. पावणेबारा एककांचा रेटा ५ सेंटिमीटरच्या भुजेवर जेवढं फिरवतो, तेवढंच उलटं फिरवायला ८० सेंटिमीटरच्या भुजेवर पाऊण एककाहून कमी रेटा पुरतो. दार बिजागरीजवळ ढकलून बघा आणि मग कडीजवळ, तोच हा फरक. आपल्याकडे वायूचे पावणेचार एकक आहेत. म्हणजे वायूचा फक्त पाचवा हिस्सा वरच्या बाजूने सोडला, तरी नळी खाली दाबून धरायला तो पुरेल. कॉम्पेन्सेटर म्हणतात तो हा. अमेरिकन मरीन दलातले रिचर्ड कट्स यांचा, वरच्या अंगाला आडव्या खाचा असलेला कॉम्पेन्सेटर १९२०च्या दशकात थॉम्पसन सबमशीनगनच्या टोकाला बसू लागला.

१९५९च्या एकेएम या सोव्हिएत कलाश्निकोव्ह रायफलीवर तर याहून साधी गोष्ट आहे. बोरूची लेखणी करताना तिरका छेद देतात तसा एक छेद, बाकी काही नाही. खालचा ओठ लांब, वरची बाजू मोकळी. वायू खालच्या ओठावर दाबत वर निसटतो. हा छेद मुद्दाम थोडा फिरवून बसवलेला असतो, कारण उजव्या खांद्यावरून झाडताना रायफल नुसती वर जात नाही, उजवीकडेही पळते. मग रेटा खाली आणि थोडा डावीकडे हवा. त्यानंतरच्या एके-७४ वर एकदम मोठा, कप्पेदार ब्रेक आला. पुढच्या भिंतीवर वायू आदळतो आणि बाजूच्या मोठ्या खिडक्यांतून जातो, शिवाय वरच्या अंगाला लहान भोकं आहेत. एकाच तुकड्यात ब्रेकही आणि कॉम्पेन्सेटरही.

फ्लॅश हायडर ही तिसरी जात. दिसायला सारखी असली तरी तिचं काम निराळं. नळीतून निघालेल्या वायूत हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड शिल्लक असतात. बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन मिळाला की ते पुन्हा पेटतात आणि मोठी ज्वाळा दिसते. फ्लॅश हायडरच्या पाकळ्या वायूच्या झोताची रचना मोडतात, त्यामुळे तो पेटण्याआधीच पांगतो आणि निवतो. धक्का त्याने फारसा कमी होत नाही. पण एम-१६ए२ या एम-१६च्या सुधारित आवृत्तीमध्ये याच भागाच्या खालच्या खाचा बुजवल्या. त्यामुळे पालथं पडून झाडताना धूळ उडेनाशी झाली, आणि वायू वरून व बाजूने जायला लागल्याने नळीची उचलही थोडी कमी झाली.

अशा वस्तूने त्याच गोळीचा नेम सुधारतो का? नाही. वायू काम करायला लागतो तेव्हा गोळी गेलेली असते. सुधारतो तो दुसरा नेम, कारण लक्ष्य नजरेआड होत नाही. पहिली गोळी कुठे लागली हेही दुर्बिणीतून दिसतं. उलट नळीच्या टोकावर वजन वाढलं की तिची कंपनं बदलतात आणि गोळी लागण्याची जागा सरकते. म्हणून असा भाग बसवल्यावर नेम पुन्हा जुळवावा लागतो. त्याचं भोक नळीच्या अक्षावर तंतोतंत हवं. जरा तिरकं बसलं की गोळी कडेला घासते.

आणि किंमत? ती कान मोजतात. ब्रेक लावलेल्या रायफलीच्या बाजूला, दोन पावलं मागे मी एकदा उभा होतो. कानांवर जाड मफ होते, तरी गालावर आणि छातीवर हवेची सपकन चापट बसली. आवाज ऐकू आला त्याआधी अंगाला कळला. झाडणारा मात्र खूश होता, खांदा दुखला नाही म्हणून. वायू बाजूला आणि मागे वळवला की त्याच्याबरोबर आघात-लहरही तिकडेच वळते. अर्न्स्ट माख आणि पेटर झाल्शर या भौतिकशास्त्रज्ञांनी १८८७मध्ये उडत्या गोळीपुढच्या अशाच लहरींची छायाचित्रं प्रसिद्ध केली होती. रायफलीचा आवाज झाडणाऱ्याच्या कानाशी १६० डेसिबलच्या घरात असतो. १४० डेसिबलच्या वर क्षणिक आवाजानेही कानाला कायमची इजा होऊ शकते. ब्रेकमुळे यात ५ ते १० डेसिबलची भर पडू शकते. आकडा लहान दिसतो, पण १० डेसिबल म्हणजे दाब तिपटीहून जास्त. कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणून ब्रेक असलेल्या रायफलीजवळ कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही हवेत, आणि हे शेजारी उभ्या असलेल्यांनाही तितकंच लागू आहे.

याच वायूला वळवण्याऐवजी थोपवून धरायची वाट हायरम पर्सी मॅक्झिम यांनी १९०९च्या पेटंटमध्ये दाखवली. सायलेन्सरच्या आतल्या कप्प्यांत वायू फिरतो, फुगतो, गार होतो आणि मग सावकाश बाहेर येतो. बाहेर पडतानाचा वेग उतरला की त्याचा संवेगही उतरतो, म्हणजे धक्काही कमी होतो. शिवाय आवाज वीस-तीस डेसिबलने खाली येतो. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असेल तर तिचा स्वतःचा कडाका उरतोच, त्याला नळीच्या तोंडाशी काही करता येत नाही. टोकाला तीन-चारशे ग्रॅम वजन आणि वीतभर लांबी वाढते. रायफल वागवताना ती जड लागते, पण तेच वजन नळीच्या टोकाशी असल्यामुळे ती वर उचलायलाही जड जाते.