शिंजिराचं काळीज आणि रोहिताचं काळीज

ऐरोलीत आमच्या गॅलरीतल्या जास्वंदीवर रोज सकाळी शिंजीर (सनबर्ड) येतो. वजन जेमतेम आठ-नऊ ग्रॅम. तिथून थोड्याच अंतरावर, ठाणे खाडीच्या चिखलात, हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उभे असतात. त्यातला लहान रोहितसुद्धा दीड-दोन किलोंचा, म्हणजे जवळपास दोनशे शिंजिरांएवढा. पण शिंजिराच्या एकेक ग्रॅम मांसाला रोहिताच्या ग्रॅमपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा लागते आणि त्याचं हृदयही त्याच मानाने घाईत धडधडतं. (शिंजिरासारखाच मधावर जगणारा अमेरिकेतला गुंजनपक्षी मिनिटाला हजाराहून जास्त ठोके गाठतो.) ही घाई येते कुठून?

एक उत्तर सापडतं पेशीच्या पातळ आवरणात. हे आवरण मुख्यतः स्निग्धाम्लांचं (फॅटी ॲसिडचं) बनलेलं असतं. थंडीत तूप थिजतं आणि जवसाचं तेल वाहतंच राहतं, ते आठवा. तुपातल्या बऱ्याच स्निग्धाम्लांच्या साखळ्या सरळ असतात, म्हणून त्या दाटीने रचल्या जातात. जवसातल्या साखळ्यांत दुहेरी बंध असतात. प्रत्येक बंधापाशी साखळी वाकते आणि रचना सैल राहते. डीएचए या स्निग्धाम्लात 22 कार्बन आणि तब्बल 6 दुहेरी बंध. ही साखळी सतत वळवळत असते.

ऑस्ट्रेलियातल्या वोलाँगाँग विद्यापीठातल्या हल्बर्ट आणि एल्स यांनी 1999 मध्ये मांडलं की शरीराचा वेग, म्हणजे चयापचयाची, ऊर्जा जाळण्याची गती, ठरवण्यात या आवरणाचा मोठा वाटा आहे. पुढे हल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी 13 ग्रॅमच्या झेब्रा फिंचपासून 34 किलोंच्या एमूपर्यंत पक्ष्यांचे स्नायू तपासले. पक्षी जितका लहान, तितकं आवरणात डीएचए जास्त. हृदयाच्या पेशींतही कल तोच.

पण दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडते असं होत नाही. म्हणून मला त्यांचा गाय आणि मगरीचा प्रयोग फार आवडतो. पेशीच्या आवरणात सोडियम पंप नावाचं प्रथिन असतं. ते दर फेरीला 3 सोडियम बाहेर टाकतं, 2 पोटॅशियम आत घेतं आणि त्यासाठी ऊर्जा खर्चतं. हृदयाचा प्रत्येक ठोका पडल्यावर विस्कटलेली घडी तेच पुन्हा बसवतं. या संशोधकांनी गायीचे पंप मगरीच्या स्निग्धांत बसवले, तर ते मंदावले. मगरीचे पंप गायीच्या स्निग्धांत ठेवले, तर त्यांचा वेग वाढला. पंप तेच, फक्त भोवतालचं तेल बदललेलं!

वाद मिटलेला नाही. सस्तन प्राण्यांत प्रजातींची आपसातली नाती हिशेबात धरली की डीएचए आणि चयापचय यांचा संबंध फिका पडतो, असं काही अभ्यासकांना आढळलं. तो आक्षेप मला गंभीर वाटतो.

शिवाय या वेगाला किंमत आहे. दुहेरी बंध जितके जास्त, तितकं ऑक्सिजनशी संयोग होऊन ते स्निग्ध खराब होण्याची शक्यता जास्त. जवसाचं तेल लवकर खवट होतं, ते याचमुळे. मग लहान पक्षी लवकर म्हातारे व्हायला हवेत. पण उंदीर साडेतीन वर्षांत आटोपतो आणि त्याच्याच वजनगटातली कॅनरी 24 वर्षांपर्यंत जगू शकते. दोघांची हृदयं तपासली, तर कॅनरीच्या हृदयातल्या स्निग्धांत दुहेरी बंध उंदरापेक्षा कमी निघाले. म्हणजे पक्ष्यांमध्ये लहान-मोठ्यांचा उतार आहेच, पण तो सगळाच उंदरांच्या मानाने सुरक्षित बाजूला सरकलेला दिसतो. आवरणात इतके कमी दुहेरी बंध असूनही पक्ष्यांची हृदयं एवढ्या वेगाने कशी चालतात, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ओढतो.