'होल्पन' कुठे गेलं?

1611 सालच्या किंग जेम्स बायबल या इंग्रजी भाषांतरात, लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात 'हॅथ होल्पन' असे शब्द येतात. बेळगावच्या कॅम्पात ब्रिटिश काळातली चर्च अजून उभी आहेत, तेव्हा ही जुनी इंग्रजी आपल्या गावाला अगदीच परकी नाही. 'होल्पन' हे 'हेल्प'चंच जुनं रूप. आज तिथे 'हेल्प्ड' येतं. झाला अर्थ. पण हे रूप मागे का पडलं आणि शिकणाऱ्याच्या डोक्यात ते बसतं कसं, या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: शब्दाची गाठ किती वेळा पडते.

आपल्याकडचंच बघा. सीबीटी बसस्थानकावर बस लागली की एक जण म्हणतो 'बस आली', शेजारचा म्हणतो 'बस बंतु'. 'चाल'चं 'चालली' होतं, मग 'ये'चं 'येली' का नाही? कन्नडमध्ये 'माडु'चं (करणं) 'माडितु' होतं, मग 'बरु'चं (येणं) 'बरितु' का नाही? लहान मूल 'केलं'ऐवजी 'करलं' म्हणतं तेव्हा ते नियम इमानेइतबारे लावत असतं. अशी वाकडी रूपं नियमातून निघत नाहीत, ती ऐकूनच लक्षात राहतात. येणं, जाणं, करणं दिवसभर कानावर पडतं, म्हणून त्यांचा वाकडेपणा टिकून आहे.

2007 साली हार्वर्डच्या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात याचं गणित मांडलं. जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं त्यांनी तपासली. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांतली 145 अनियमित राहिली, आज 98 आहेत. शंभरपट कमी वापरातलं क्रियापद दहापट वेगाने नियमाच्या वाटेला लागतं, असं त्यांना दिसलं. हे अर्थात सरासरीचं गणित. 'हेल्प' तर रोजच्या तोंडातलं, तरी तेही नियमित झालंच.

डोक्यातही असंच घडतं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून एका बैठकीत वीसदा घोकण्यापेक्षा मधे दिवस सोडून उजळणी केलेली बरी. तीही पुस्तक मिटून, आठवून. 2006 साली रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न बघता आठवणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिलं.

वापर मात्र सुट्या शब्दावरून कळत नाही. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून होते, असं ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ फर्थ यांनी 1957 साली म्हटलं होतं. 'होल्पन' वहीत एकटं न लिहिता 'हॅथ'सकट अख्खं वाक्य उतरवून घ्यावं. ते वाक्य प्रार्थनेत शोभतं, शेक्सपिअरच्या नाटकात 'होल्प' शोभतं. बँकेच्या अर्जात 'हेल्प्ड'च लिहायचं.